पावती

नामपूरच्या आठवडी बाजारात मी एक टेबल टाकून बसतो. अर्ज लिहून देतो. रेशनकार्डात नाव चढवायचं, लाइटबिल जास्त आलं, घरकुलाच्या यादीत नाव नाही, निराधारचे पैसे थांबले, असली कामं. मोसम नदीच्या दोन्ही अंगाला जी गावं आहेत तिथली आपली माणसं बाजाराला येतात. कांद्याच्या खळ्यावरची मजुरी हातात पडली की मीठमिरची घेतात आणि जाता जाता टेबलापाशी उभी राहतात. पिशवीतून चुरगळलेले कागद काढतात. मी सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारतो. पावती आहे का?

बहुतेकांकडे नसते.

"पैसे भरले ना भाऊ. पावती नाही दिली त्यांनी."

"मागितली होती?"

इथं माणूस गप्प होतो. खाली बघतो. मला त्या गप्प होण्यावरच लिहायचं आहे. कारण मीही नाशिकला चार वर्षं तसाच गप्प होतो.

आमचं गाव इथून जवळच, नदीच्या काठानं वर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे म्हणतील, हां, ते गाव तसलंच आहे. आणि आपापलं गाव सोडून देतील.

माझा आजा वतनदार महार. वतनदार हा शब्द ऐकायला मोठा. कामं काय, तर सारा भरायची दवंडी पिटायची, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. वसूल जमा झाला की रकमेची थैली डोक्यावर घेऊन सटाण्याच्या कचेरीत पोचवायची. पायी. वाटेत थैलीला काही झालं तर मान त्याची. कचेरीत रक्कम मोजली जायची, कागद व्हायचा, त्यावर शिक्का बसायचा. कागदावर आजाचं नाव कधी आलं नाही. सगळ्या गावाचा पैसा ज्याच्या डोक्यावरून गेला त्याच्या हातात एक चिठोरी आली नाही. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. थैली उतरली. पण कागदावर नाव यायचं राहिलंच.

हे सगळं मला मायनं सांगितलं. तिला तिच्या सासऱ्यानं सांगितलेलं. म्हणूनच की काय, माय पावतीसाठी येडी. बाप मी लहान असतानाच गेला. माय दुसऱ्याच्या वावरात राबायची, वर्षाची घरपट्टी मात्र चुकवायची नाही. वसुलीचा माणूस वस्तीत आला की पदराच्या गाठीतले पैसे सोडायची आणि हात तसाच पुढं ठेवून उभी राहायची.

"पैसा दिधा ना भाऊ, मंग पावती दे."

तो म्हणायचा, बुक संपलं, नंतर घे. माय हलायची नाही. मग तो वहीचा एखादा तुकडा फाडून त्यावर रक्कम लिहून द्यायचा. माय तो डालड्याच्या डब्यात ठेवायची. मी एकदा हसलो, म्हटलं तुला वाचता तरी येतं का? ती म्हणाली, "माले वाचता येत नही, पन कागद वळखता येस."

तिचं हे म्हणणं पूर्ण खरं नव्हतं, ते पुढं कळलं.

मी २०१४ साली नाशिकला गेलो. सातपूरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली काम लागलं. खोली शोधायला चार दिवस लागले. पहिल्या तीन घरी नाव सांगितलं, ते म्हणाले पूर्ण नाव सांगा. पूर्ण सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. चौथ्या घरमालकानं आडनाव ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि भाडं तीनशेनं वाढवलं. मी हो म्हणालो. जातीचा भाव तीनशे रुपये महिना, हे मला त्या दिवशी कळलं.

एका ओळीत सहा खोल्या. सहा बिऱ्हाडं. मीटर एकच, मालकाच्या नावाचं. प्रत्येक खोलीला त्यानं आपलं छोटं मीटर बसवलेलं आणि सरसकट बारा रुपये युनिट घ्यायचा. मला वाटायचं, लाइटच महाग आहे. पुढं हिशेब शिकलो तेव्हा डोळे उघडले. तो तुम्हीही शिकून घ्या, कारण आपली अर्धी जनता असल्या ओळीत राहते.

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चालतं. महिन्याला पहिले १०० युनिट सगळ्यांत स्वस्त. १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या आसपास. ३०१ च्या पुढं आणखी चढा. एका खोलीत एक दिवा, एक पंखा, एक छोटा टीव्ही. समजा ६० युनिट जळाले. वेगळं मीटर असतं तर ते सगळे ६० स्वस्त टप्प्यात बसले असते. सहा खोल्यांचे मिळून ३६० होतात. एका मीटरवर त्यातले १०० स्वस्त, २०० महाग, ६० त्याहून महाग. म्हणजे कमी वीज जाळणारी सहा गरीब घरं एका मीटरवर बांधली की कागदावर एक श्रीमंत घर तयार होतं. त्यात मालक सगळ्यांत वरचा दर सगळ्या युनिटांना लावणार. वरचा पैसा त्याचा. बिल त्याच्या नावाचं, ते तो दाखवणार नाही.

भाड्याचीही पावती नाही. करार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणं मालकानं भाड्याची लेखी पावती दिलीच पाहिजे, नाही दिली तर दंड आहे. कलम २९ प्रमाणं भाडेकरूचं पाणी, लाइट विनाकारण तोडता येत नाही. कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदलेला पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शहरातल्या भाडेकरूसाठी एवढं लिहून ठेवलेलं आहे. हे मला तिसऱ्या वर्षी एका कार्यकर्त्यानं सांगितलं. मी घरमालकाकडे गेलो. पावती मागितली. तो रागावला नाही. चहा पाजला आणि म्हणाला, "पावती देतो की. पण मग एक तारखेला खोली खाली करा."

मी पावती मागणं सोडलं. चार दिवस वणवण केलेली आठवली. आडनाव सांगण्याचा कंटाळा आला. आणखी वर्षभर बारा रुपये युनिट भरत राहिलो. वस्तीत भाषणं ठोकणारा मी, चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून पुढं नाचणारा मी. गावी गेलो की माय विचारायची, भाडं भरस ना, पावती लेस ना? मी म्हणायचो, घेतो ना. मायशी खोटं बोललो.

त्याच दिवसांत, २०१८ साली, नाशकात घरपट्टीचं रण पेटलं. आयुक्त तुकाराम मुंढे यांनी १ एप्रिलपासून वार्षिक भाडेमूल्याचे दर वाढवले, त्यात मोकळ्या जागा आणि शेतीही धरली. शहर उठलं. शेतकरी उठले, बांधकामवाले उठले, सगळ्या पक्षांचे नगरसेवक एक झाले. आयुक्तांवर अविश्वासाचा ठराव आणायचं ठरलं. आयुक्तांनी काही वाढ कमी केली, १ सप्टेंबरची सभा होण्याआधी ठराव मागं घेतला गेला आणि नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. वाढ बरोबर की चूक, तो वाद वेगळा. मी एक गोष्ट बघितली. ज्यांच्याकडे सातबारा, ज्यांच्याकडे घरपट्टीची पावती, त्यांनी आवाज काढला आणि महापालिका हलली. त्याच महिन्यात आमच्या मालकानं, घरपट्टी वाढली म्हणून, सहाही खोल्यांचं भाडं दोनशेनं वाढवलं. त्याच्या जुन्या घराला ती वाढ लागू होती का, हे विचारायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

शब्द बघा. भाडेमूल्य. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येतील, त्यावर कर ठरतो. म्हणजे माप भाडेकरूच्या खिशाचं. तो पैसा शेवटी आमच्याच मजुरीतून जातो. पण महापालिकेच्या वहीत आम्ही नाही. मोर्चात नाही. पाणी दोन दिवस आलं नाही तर तक्रारीच्या अर्जावर मिळकत क्रमांक मागतात, तो आमच्याकडे नाही.

मित्रांनो, ही वही जुनी आहे. इंग्रजांच्या राज्यात कौन्सिलचं मत कुणाला होतं? खेड्यात ठराविक सारा भरणाऱ्याला, शहरात ठराविक भाड्याच्या घरात राहणाऱ्याला. पावतीवाल्याला मत. १९१९ च्या जानेवारीत बाबासाहेब साउथबरो समितीपुढं गेले, ते याच कुंपणावर घाव घालायला. १९२८ साली सायमन कमिशनपुढं त्यांनी सगळ्या प्रौढांना मत मागितलं. घटनेच्या कलम ३२६ नं ते मिळालं. मत आणि मिळकत यांची गाठ त्यांनी तोडली. पण मत पाच वर्षांनी एकदा चालतं, वही रोज चालते. आणि मतदानही वेळेवर होईलच असं नाही. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणूक झाली नव्हती. प्रशासक कारभार बघत होता. नगरसेवकच नाही तर जाब कुणाला विचारायचा? तेव्हा हातात उरतो तो कागदच.

२०१८ च्या शेवटी ठेका सुटला आणि मी गावी परतलो. मायनं रमाई आवासचा अर्ज केला होता. सपाट भागात तेव्हा १,२०,००० रुपये मिळायचे. अर्ज परत आला, कारण घर तिच्या नावावर नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवस. नमुना नंबर ८ म्हणजे आकारणीची वही, नमुना ९ मागणीची वही. दोन्हींच्या नकला मागितल्या. आणि एक जास्तीचं मागितलं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, ते कुठं केले?

उत्तर आलं. घर आजाच्या नावावर. आजा १९८४ साली वारला. आणि त्या मेलेल्या माणसाकडे बारा वर्षांची घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी थकलेली. मायचा डबा ओतला. एकतीस कागद निघाले. त्यातल्या एकोणीस पावत्या नमुना १० च्या, नंबर, शिक्का, सही असलेल्या. बाकीचे बारा वहीचे तुकडे. मायला कागद ओळखता येत होता. पण पावती आणि तुकडा यातला फरक तिला कुणी शिकवला नव्हता. मी दहावी झालो, नाशिकला गेलो, मीही शिकवला नव्हता. पंधरा टक्क्यांचा खर्च दिवाबत्तीवर टाकलेला. आमच्या वस्तीत खांब दोन, त्यातला एक बंद.

२६ जानेवारी २०२० ची ग्रामसभा. मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर जण, यातले जे कमी ते हजर पाहिजेत. नाही आले तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा जणांत सगळं मंजूर. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चाललेलं. त्या दिवशी आम्ही वस्तीतली झाडून सगळी माणसं नेली, बायका पुढं बसवल्या. माय डबा घेऊन उठली. भाऊसाहेब म्हणाले, आजी, कागद आफिसात द्या. माय म्हणाली, "आठेच वाच. सगळास्ना देखत वाच."

एकतीस कागद वाचले गेले. अर्धा तास लागला. पंधरा टक्क्यांचा हिशेब पुढच्या सभेत मांडायचं इतिवृत्तात लिहून घेतलं. तुकड्यांवरची सही कुणाची, कुणालाच ओळखता आली नाही. तो वसुलीचा माणूस कधीच मेलेला.

वारस नोंद करून द्यायला तयार झाले. पण बाकी भरा म्हणाले, बारा वर्षांची. मी भडकलो. म्हटलं एक पैसा देणार नाही, वर तक्रार करू, कोर्टात जाऊ. रात्री मायशी भांडलो. ती ऐकून घेत होती. सकाळी कानातलं मोडून आली आणि बाकी भरून टाकली. नंबरची पावती घेतली. महिन्याभरानं नमुना ८ चा उतारा आला, खाली छापलेलं, की हा मालकी हक्काचा पुरावा नाही. वर तिचं नाव. मी म्हटलं, माय, दोनदा भरला तू पैसा. लुटलं तुला. ती म्हणाली, "हा. पन आते मनं नाव शे."

कार्यकर्ते म्हणून तुम्ही म्हणाल ही माघार आहे. मीही तेच म्हणत होतो. आजही मला ते बारा वर्षांचे पैसे टोचतात. पण मी खोलीवरून काढतील म्हणून पावती सोडली, आणि तिनं पावतीसाठी कानातलं सोडलं. दोघांनी पैसे घालवले, तिच्याकडे कागद आला. माघार कुणाची ते तुम्ही ठरवा.

घरकुल झालं. २६९ चौरस फुटांचं. लाइटचं मीटर मायच्या नावाचं. बिल आलं की ती मला युनिट विचारते, शंभरच्या आत आहे ना, आणि मग ते डब्यात ठेवते. पंधरा टक्क्यांचा हिशेब अजून आलेला नाही, त्यासाठी आम्ही दर ग्रामसभेला जातो. दुसरा खांब पेटला.

आता तुमच्या गावात एवढं करा. मोठ्या भाषणाआधी वस्तीतल्या दहा घरांचे डबे उघडा. पावत्या वेगळ्या, तुकडे वेगळे काढा. घर कुणाच्या नावावर आहे ते नमुना ८ मध्ये बघा, मेलेली नावं शोधा. शहरात असाल तर खोल्यांच्या ओळीत जा, सहाही बिऱ्हाडांना एकत्र बसवा आणि मालकाकडे सहा जण मिळून पावती मागा. मी एकटा गेलो होतो. ती माझी चूक झाली.

मायचा डबा परवा मी नीट लावून दिला. वर्षवार. त्यात तिचं, आजाचं सगळं आहे. माझ्या नाशिकच्या चार वर्षांचा एकही कागद नाही. चार वर्षांचं भाडं, बारा रुपयांनी जाळलेला लाइट, आडनावापायी महिन्याला वरचे तीनशे. कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून इथं लिहिलं.