चातुर्मासांतील चिनी स्वयंपाक

‘चिनी जेवण’ हा शब्द निघतांच आमच्या मुदखेडासारख्या गांवांत तरुणांना रस्त्याकडेची गाडी आठवते, व वडीलधाऱ्यांना कांदा-लसणाचा वास! त्यामुळें एकत्र कुटुंबांत एक मुकाट तंटा उभा राहतो. मुलें बाहेर खाऊन येतात, पंक्तींतले पाट रिकामे राहतात, आणि आजीबाई कांहीं न बोलतां जेवून उठतात. हा तंटा उपदेशानें मिटत नाहीं. चुलीपाशीं मात्र मिटतो, असा आमचा अनुभव आहे.

गाडीवरचें तें खाणें वस्तुतः चीनपेक्षां आपल्याकडचेंच अधिक. मांचुरियन हा पदार्थ कलकत्त्यास जन्मलेल्या नेल्सन वांग यांनीं १९७५ च्या सुमारास मुंबईंत प्रथम केला, असें सांगतात. उलट चीन व जपान येथील बौद्ध मठांत शतकानुशतकें शाकाहारी स्वयंपाक होत आला आहे, व त्यांत कांदा-लसूण वर्ज्यच असतो. जपानांत या पाकपद्धतीस ‘शोजिन र्‍योरी’ असें नांव आहे. कांदेनवमी झाली कीं आपण चार महिने जो नियम पाळतों, तो तेथील मठांत बारा महिने चालतो. मग पूर्वेकडील जेवण सोवळ्याशीं विसंगत कसें म्हणावें?

या मठांचा मोठा आधार म्हणजे सोयाबीन. आणि सोयाबीन तर नांदेड-लातूरकडे खरिपांत शेतोशेतीं उभें असतें. आपण तें पिकवितों, बाजारांत विकतों, आणि दुकानांतून सोया सॉसची बाटली घरीं आणतों! दाणा मात्र ताटांत क्वचितच येतो. तुरीच्या डाळींत शेंकडा सुमारें २२ भाग प्रथिनें असतात, तर सोयाबीनांत ३६ ते ४०. शाकाहारी घरानें याचा विचार अवश्य करावा.

या दाण्यापासून ‘तोफू’ करणें पनीर करण्याइतकेंच सोपें आहे. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवावें, सकाळीं चोळून सालें काढावीं, व एकूण दोन लिटर पाणी घालून बारीक वाटून स्वच्छ फडक्यांतून गाळावें. हें दूध सतत ढवळीत पंधरा मिनिटें चांगलें उकळावें. कच्चें सोयाबीन पचनास बाधक असतें, म्हणून येथें घाई करूं नये. दूध झपाट्यानें उतूं जातें, तेव्हां भांडें मोठें घ्यावें. खालीं उतरवून दोन लिंबांचा रस थोड्या पाण्यांत मिसळून हळूहळू घालावा. दूध फाटलें म्हणजे फडक्यांत बांधून अर्धा तास वजनाखालीं ठेवावें. उरलेला चोथा टाकूं नये. तो चांगला परतून थालीपिठाच्या पिठांत घालावा.

आतां भात. नवशिक्यानें चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, भात मोकळा व गार झालेला असावा. दुसरी, चूल पेटविण्यापूर्वींच गाजर, कोबी, फरसबी व आलें बारीक चिरून हाताशीं ठेवावें. कारण एकदां कढई तापली कीं चिरण्यास सवड मिळत नाहीं. तिसरी, लोखंडी कढई खूप तापवून भाज्या थोड्या-थोड्याच टाकाव्या. एकदम घातल्यास त्यांना पाणी सुटतें व परतण्याऐवजीं त्या शिजतात. चौथी, सोया सॉस मुळांतच खारट असतो, म्हणून तो चमचाभरच घालावा व मीठ सर्वांत शेवटीं, चव पाहून. वरून तव्यावर खरपूस केलेले तोफूचे तुकडे व भाजलेल्या तिळांचें भरड कूट घालावें. बाटलीवरील मजकूर मात्र वाचून घ्यावा. कांहीं सॉसांत लसूण असतो.

ज्यांना तिखट किंवा पातीचा कांदा हवा असेल, त्यांच्यासाठीं तो वेगळ्या वाटींत ठेवावा. आमच्या घरीं अशी व्यवस्था झाल्यापासून शनिवारीं रात्रीं मुलें आपण होऊन पाट मांडतात, आणि आजीबाई ‘भात थोडा वाढ’ असें स्वतः म्हणतात. चूल एक, कढई एक, आणि पंक्तीही एकच. याहून अधिक आम्हांस काय पाहिजे?