निजामांच्या शिकारीचे रान

हैदराबादला गेलात की चारमिनार होतोच. पण एक सकाळ वनस्थलीपुरमसाठी राखून ठेवा. विजयवाड्याच्या रस्त्यावरचे महावीर हरिण वनस्थली उद्यान म्हणजे एके काळचे निजामांचे शिकारीचे रान. आता तिथे काळवीट चरतात; आपल्याकडची कन्नड शाळेतली मुले त्यांना कृष्णमृग म्हणतील.

सहावे निजाम महबूब अली खान (राज्यकाल १८६९ ते १९११) वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. राजा दीनदयाळ यांनी त्या शिकारींची छायाचित्रे काढली. शिकाऱ्यांची आपापसांत रीतभात असे : पहिली गोळी कोणाची, जखमी जनावर मागे सोडायचे नाही, वगैरे. पण रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांचे काय? बंदूक मचाणावर, आणि हा गावकरी ढोल-डबे बडवत झुडपांतून पायी. वाघ उलटला तर पहिला ह्याच्याच अंगावर! शिवाय संस्थानात वेठबिगार होती. कन्नडमधली बिट्टी चाकरी तीच. मला विचाराल तर शिकाऱ्याची सभ्यता या माणसाशी तो कसा वागला त्यावरून पाहावी.

१९७२ च्या कायद्यानंतर शिकार थांबली. १९७५ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त रानाला त्यांचे नाव मिळाले. आत गेल्यावर मुलांना हळू बोलायला सांगा, काळवीट फार बुजरे असते.