कोल्हटकरांचें नाटक आणि आमची आत्या

श्रावणाची झड लागली म्हणजे सेमाडोहास दुपार कोणती आणि संध्याकाळ कोणती हें कळेनासें होतें. सिपना नदी दुथडी भरून वाहत असते, आणि सागाच्या रुंद पानांवर पावसाचा एकच सूर चाललेला असतो. (कोरकू भाषेंत सिपना म्हणजे सागच.) परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गांवीं चिरंजीवांच्या नोकरीमुळें माझें राहणें झालें. पस्तीस वर्षें मुलांकडून 'रामः रामौ रामाः' घोकून घेतल्यावर कानांना ही विश्रांति बरी वाटते.

अशाच एका झडींत माझी नात पुण्याहून आली. मामाकडे राहून ती अकरावींत शिकते व फ्रेंच भाषा घेऊन बसली आहे. तिला मोलियेर या फ्रेंच नाटककारावर निबंध लिहावयाचा होता. त्याची हकीकत तिनें मला मोठ्या हौसेनें सांगितली. १६२२ सालीं पॅरिस शहरांत त्याचा जन्म झाला. बाप राजवाड्यांतील गाद्यागिरद्यांची व्यवस्था पाहणारा. मुलानें मात्र तो मानाचा धंदा सोडून नाटकमंडळी काढली. 'तार्त्युफ' नांवाच्या नाटकांत त्यानें एका ढोंगी धार्मिकाची फजिती दाखविली, म्हणून १६६४ पासून १६६९ पर्यंत त्याच्या जाहीर प्रयोगांना बंदी होती. आणि १६७३ सालीं एका काल्पनिक रोग्याचें सोंग वठवीत असतां रंगभूमीवरच तो खरोखरीचा आजारी पडला व त्याच रात्रीं वारला. धर्माधिकारी मूठमाती देऊं देईनात; राजानें शब्द टाकला तेव्हां रात्रीच्या अंधारांत तो विधि झाला.

"आबा, आपल्याकडे असा कोणी झाला नाहीं का?" तिनें विचारलें.

मोलियेरला आपल्याकडे आणणारे पुष्कळ झाले. कादंबरीकार हरिभाऊ आपटे यांचें 'मारून मुटकून वैद्यबुवा' हें त्याच्याच प्रहसनाचें मराठी रूप. परंतु त्याच्या वळणाचा मनुष्य पाहावयाचा तर पुण्यास जाण्याचें कारण नाहीं. तो आमच्या वऱ्हाडांतच होऊन गेला, असें मीं तिला सांगितलें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हें नांव तिनें ऐकलें होतें, पण केवळ महाराष्ट्रगीताचे कवि म्हणून.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजीं नागपुरास झाला. डेक्कन कॉलेजांत शिकून १८९७ सालीं ते वकिलीची परीक्षा उतरले आणि पुढें अकोला, खामगांव व जळगांव-जामोद येथें त्यांनीं वकिली केली. दिवसा कज्जेदलाल आणि खोटे साक्षीदार पाहावे, रात्रीं ते लेखांत उतरवावे, असा कांहींसा त्यांचा क्रम असावा. कारण १९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तारां'त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या विनोदी लेखाचें नांवच 'साक्षीदार' असें आहे. त्या मालिकेंतील सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे तिघे मित्र आमच्या पिढीला घरच्या माणसांसारखे ओळखीचे होते. सोंवळेंओंवळें, शकुन, लग्नाचा थाट, व्रतांचा देखावा यांपैकीं कशालाच त्यांनीं सोडलें नाहीं. आणि हें लिहिणारे गृहस्थ 'भारतीय ज्योतिर्गणित' नांवाचा ग्रंथहि लिहितात! ग्रहांचें गणित मानणारा, पण ग्रहांची भीति न बाळगणारा असा ब्राह्मण त्या काळीं विरळाच.

नाटकांचा मान मात्र निराळा. 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीनें १८९६ मध्यें रंगभूमीवर आणलें. त्यांतील पारशी धर्तीच्या चालींनीं नाट्यसंगीतास नवें वळण लागलें. 'मूकनायकां'त मद्यपानाचे अनर्थ आहेत, 'मतिविकारां'त विधवाविवाहाचा प्रश्न आहे. गडकरी त्यांना गुरु म्हणत, खांडेकरांनींहि त्यांस गुरुस्थानीं मानलें. १९२७ सालीं पुण्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. उतारवयांत 'श्यामसुंदर' आणि 'दुटप्पी कीं दुहेरी' या कादंबऱ्याहि त्यांनीं लिहिल्या. त्यांविषयीं मी न बोलणें बरें, मला त्या पुऱ्या करवल्या नाहींत. १ जून १९३४ रोजीं ते वारले.

नाटकांचा दोषहि सांगितला पाहिजे. त्यांत राजा बोलो कीं दासी बोलो, बोलतात ते कोल्हटकरच. शब्दाला शब्द भिडवून, श्लेषावर श्लेष रचून ते इतकें चमकदार बोलतात कीं, बोलणाराचें दुःख ऐकणारापर्यंत पोंचतच नाहीं. बाण आणि सुबंधु वाचून वाढलेल्या माझ्यासारख्यास हें आवडावें. पण रंगभूमि म्हणजे 'वासवदत्ता' नव्हे.

हें सर्व मी नातीला सांगत होतों खरा, पण 'मतिविकार' हें नांव तोंडांतून निघतांच माझें मन दुसरीकडेच गेलें. तें तिला त्या दिवशीं सांगितलें नाहीं. येथें सांगतों.

माझी आत्या १९२८ सालची. शारदा कायद्यानें ठरविलेलीं चौदा वर्षें पुरीं होतांच तिचें लग्न झालें आणि सोळाव्या वर्षीं ती परत आली, ती कायमची. मला आठवते ती पांढऱ्या पातळांतील, पहांटे जात्यावर बसणारी, सर्वांचीं बाळंतपणें करणारी. आजोबा शास्त्राचे मोठे अभ्यासक. मला जें थोडेंबहुत संस्कृत येतें तें त्यांच्यापाशीं बसून आलेलें. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा, कोल्हटकरांचें नाटक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतलें, आणि आमच्या घरांत १९६८ सालींहि तो विषय कोणी उच्चारीत नसे.

त्या वर्षीं मी अकरा वर्षांचा होतों. एका दुपारीं ज्वारीच्या कणगीआड आत्या कांहीं वाचीत बसलेली मला दिसली. मला पाहतांच तिनें पुस्तक पदराखालीं घेतलें. शेजारच्या सूनबाईंनीं वाचनालयांतून आणून दिलेलें तें 'मतिविकार' होतें. संध्याकाळीं आजोबांनीं माझें 'रघुवंशा'चें पाठांतर ऐकलें. मी दोनदां अडखळलों. ते रागावणार असें पाहून मी म्हणालों, "आजोबा, आत्या नाटक वाचते."

त्यांचा राग माझ्यावरून निघून गेला. त्यांनीं आत्येला हांक मारली, पुस्तक मागितलें, नांव वाचलें आणि कांहींएक न बोलतां तें माझ्या हातीं दिलें. "उद्यां परत करून ये." ते ओरडले असते तर मला बरें वाटलें असतें. आत्या स्वयंपाकघरांत निघून गेली. त्या रात्रीं तिनें मला नेहमीप्रमाणेंच वाढलें, वरणावर तूपहि घातलें.

दुसऱ्या दिवशीं मीं पुस्तक पोंचतें केलें. पुढें सूनबाईंचें आमच्याकडे येणें कमी झालें आणि आत्येच्या हातीं पोथीखेरीज दुसरें कांहीं मीं पाहिलें नाहीं. फ्रान्सच्या राजदरबारांत 'तार्त्युफ'वरील बंदी पांच वर्षांनीं उठली. आमच्या घरीं ती कोणी उठविली नाहीं. आजोबा १९७५ सालीं वारले, मीं नोकरी धरली, स्वतः पुस्तकें विकत घेऊं लागलों. तरीहि एखादें नाटक आत्येपुढें नेऊन ठेवावें असें मला सुचलें नाहीं. किंबहुना सुचलें, पण धीर झाला नाहीं. ठेवलें असतें तर चुगली कबूल करावी लागली असती.

१९९९ मध्यें आत्या अंथरुणास खिळली. एका रात्रीं तिच्या उशाशीं बसलों असतां मीं ती गोष्ट काढली. एकतीस वर्षांपूर्वींचें कणगीआडचें पुस्तक तिला आठवत असेल कीं नाहीं अशी शंका होती.

"आठवतें कीं," ती म्हणाली. "अरे, तूं सांगितलेंस तेव्हां माझें वाचून झालें होतें. दुसऱ्यांदा वाचीत होतें मी."

मला हंसूं आलें आणि डोळेहि भरून आले. कसें वाटलें नाटक, असें मीं विचारलें. मास्तरकीची संवय, दुसरें काय!

तिनें थोडा विचार केला. "बोलतात फार रे त्यांत. एवढें छान छान बोलतात सगळे. बोलण्यापेक्षां कोणी लवकर उठून कांहीं केलें असतें तर बरें झालें असतें."

एवढें बोलून तिनें कूस बदलली आणि मला दिवा मालवावयास सांगितलें.