सल्ला देण्यापूर्वी

आपल्याकडे सल्ला देणारे पुष्कळ आणि ऐकून घेणारे थोडे. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आपले उत्तर तयार असते. आम्ही एका शाळेत कारकून आहोत. मस्टर आणि पगारपत्रकाच्या निमित्ताने शिक्षकांच्या खोलीत आमची रोजची ये-जा असते. दिवसभर मुलांना शिकवणारी ही मंडळी एकमेकांचे कसे ऐकतात, हे आम्ही जवळून पाहत आलो आहोत.

एका मधल्या सुट्टीत नवी शिक्षणसेविका रडवेल्या आवाजात म्हणाली, "सातवीच्या वर्गात उभी राहिले की घसा कोरडा पडतो. मुलं ऐकत नाहीत. मला हे जमायचं नाही." शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर जातात, मगच नोकरी कायम होते. घरची चूल त्यावर अवलंबून असते. एक सर म्हणाले, "अहो, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं." दुसऱ्यांनी छडीचा उपाय सांगितला. शिक्षणहक्क कायद्याने 2009 सालीच मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली, हे ते विसरले. तिसऱ्या मॅडमनी स्वतःचीच जुनी हकिगत सुरू केली. तिघांचाही हेतू चांगला होता, पण ती मुलगी गप्प झाली.

मग एका जुन्या बाईंनी हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलांपुढे आपली फजिती होते, याचं तुला वाईट वाटतंय का?"

"फजितीचं नाही, बाई. वर्गातला गोंधळ कुणी पाहिला आणि माझ्याविषयी वाईट शेरा लिहिला तर?"

"अस्सं. म्हणजे वर्गापेक्षा नोकरी कायम होण्याची काळजी जास्त आहे."

"हो, तेच!" ती म्हणाली आणि थोड्या वेळाने तिनेच विचारले, "बाई, तुमच्या तासाला मी मागे येऊन बसू का?"

बाईंचा पहिला अंदाज चुकला होता. पण त्यांनी तो विचारून पाहिला, म्हणून तिला तो दुरुस्त करता आला आणि खरी गोष्ट बाहेर आली. वाटही तिची तिलाच सापडली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 साली एका भाषणात वाद मिटवण्यासाठी एक नियम सुचवला होता. समोरच्याचे विचार आणि भावना त्याचे समाधान होईल इतक्या नेमकेपणाने आधी सांगायच्या, मगच आपले मत मांडायचे. पुढे आर्थर कोस्टा आणि रॉबर्ट गार्मस्टन यांनी शिक्षकांनी शिक्षकांना मदत करण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातही थांबणे, समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगणे आणि मग प्रश्न विचारणे यांना महत्त्व आहे.

थांबणे वाटते तितके सोपे नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, असे मेरी बड रो यांना वर्गांचा अभ्यास करताना आढळले. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात. मोठ्या माणसांनाही मनातले सांगायला तेवढी उसंत लागतेच.

मात्र काही पथ्ये पाळावीत. पोपटासारखे तेच शब्द परत म्हणू नयेत, थट्टा वाटते. आपल्या मनातले त्याच्या तोंडी घालू नये. म्हणणे समजले म्हणजे ते पटले असे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. रजेचा अर्ज कुठे द्यायचा, असे कोणी विचारले तर सरळ जागा सांगावी. आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीवर जाऊ नये.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पगार अडला असेल किंवा छळ होत असेल तर नुसते ऐकून भागत नाही. 2013 च्या कायद्यानुसार, दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अशा वेळी नीट ऐकावे आणि तक्रार लिहिताना सोबत बसावे.

वाचकहो, आपली लेकरे याच शिक्षकांसमोर बसतात. ज्या बाईंचे दुःख कोणी ऐकले नाही, त्यांनी आपल्या मुलांचे शांतपणे ऐकावे अशी अपेक्षा कशी करायची? शाळेत असो, कारखान्यात असो की घरात, कोणी मन मोकळे करू लागला तर "तुला असं म्हणायचंय का?" एवढे आधी विचारावे. तो "हो, तेच" म्हणाला की मग हवा तर सल्ला द्यावा.