स्मरणचित्रातील रंगांची नावे

नववीत असताना चित्रकलेच्या तासाला स्मरणचित्रासाठी ‘आपल्या भागातील उद्योग’ हा विषय मिळाला. वडगावात वाढलेल्या मुलाने हातमाग काढावा यात नवल नव्हते. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत साडी विणणाऱ्यांची वस्ती जुनी. माग कागदावर बरा उतरला. अडले ते पुढे, चित्राच्या पाठीमागे वापरलेल्या रंगांची नावे लिहिताना.

मी लिहिले : डाळिंबी, मोरपिशी, अबोली, तपकिरी. शिक्षकांनी त्यांवर तांबडी रेघ ओढून रंगपेटीवरील इंग्रजी नावे लिहावयास सांगितले. ‘ही रंगांची नव्हेत, वस्तूंची नावे आहेत,’ असे त्यांचे म्हणणे. परंतु मागाच्या लाकडाला मी जो ‘बर्न्ट सिएना’ दिला होता, त्याचे नाव इटलीतील सिएना नगराच्या मातीवरून आलेले आहे. परक्या गावची माती रंगाचे नाव होऊ शकते, आणि तंबाखूच्या आमच्या मुलखातली तपकीर मात्र वस्तूच राहते!

वस्तुतः मराठीने येथे केलेली सोय पाहण्याजोगी आहे. तांबडा, पिवळा, काळा ही विशेषणे विकारी : तांबडा धागा, तांबडी पट्टी, तांबडे सूत. परंतु वस्तूच्या नावाला ‘ई’ जोडून केलेले रंगवाचक विशेषण लिंगवचनाने बदलत नाही. धागा डाळिंबी, पट्टी डाळिंबी, सूतही डाळिंबीच. (‘जांभळा’ तेवढा हट्टाने विकारी राहिला.) त्यामुळे नवी छटा दिसली की अंजीर, बदाम, पोपट, जे हाताशी असेल त्यावरून नाव पाडता येते. अशी मुभा मिटली की केवळ चार शब्द जात नाहीत, शब्द घडविण्याची सवयच जाते.

हे भांडण कन्नडशी नाही. शेजारच्या मागावरचे काका घरी कन्नड बोलत. कन्नडात त्या फळाला ‘दाळिंबे’ म्हणतात. माझे ‘डाळिंबी’ त्यांना कधी समजावून सांगावे लागले नाही. सीमाभागात आपण पाट्यांवरील अक्षरे मोजतो, ती मोजलीच पाहिजेत. परंतु सुताच्या लडींची नावे कोणाच्याच मोजणीत नाहीत.

आता वडगावात यंत्रमागांचा खडखडाट आहे. मध्यंतरी एका मागापाशी थांबून काठाच्या रंगाचे नाव विचारले. तरुण विणकराने हसून मोबाइल पुढे केला आणि व्यापाऱ्याने पाठविलेले छायाचित्र दाखविले.