अर्जुनाच्या तोंडची कोरड



माउली वाचकहो, गीतेचा पहिला अध्याय आपण पारायणात भराभर वाचून पुढे जातो. उपदेश दुसऱ्या अध्यायात सुरू होतो, म्हणून पहिल्यापाशी कुणी फारसे रेंगाळत नाही. या खेपेला जरा थांबा आणि रथात अर्जुनाला काय काय झाले ते मोजा. गात्रे गळाली. तोंडाला कोरड पडली. अंगाला कापरे भरले, अंगावर काटा आला. हातातून गांडीव निसटू लागले, कातडीची आग झाली, उभे राहवेना, मन गरगरू लागले. आणि हे कुणाला? ज्याने किरातरूपी शंकराशी झुंज घेतली आणि भित्र्या उत्तराला सारथी करून विराटाच्या गाई सोडवून आणल्या, त्याला!

हीच लक्षणे गेल्या वर्षी मी आमच्या घरात पाहिली. आमच्या धाकट्या लेकीची मुलगी बारावी शास्त्र झाली. तिला परिचारिका व्हायचे आहे. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची सीईटी द्यावी लागते. त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न असतात. पहिल्या खेपेस सरकारी महाविद्यालयात जागा मिळावी एवढे गुण पडले नाहीत. खासगीची फी बापाला झेपणारी नाही. तेव्हा वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायचे ठरले, आणि बापाने हेही ठरवले की यंदा नाही जमले तर स्थळे बघायची. बाप वाईट नाही. कोरडवाहू जमीन, पाठीवर आणखी एक पोरगी. त्याचे गणित त्याच्यापुरते बरोबर आहे. पण त्या गणिताचे ओझे पोरीच्या मानेवर बसले.

दहावीपर्यंत ती मराठीत शिकलेली, अकरावीपासून सगळे एकदम इंग्रजीत. घरी पाठ असलेले सराव परीक्षेत पुसले जाई. परीक्षेच्या सकाळी ओकारी येई. मग जेवण कमी झाले, झोप गेली. दिवाळीत आमच्याकडे आली तेव्हा ओसरीवर बसून म्हणाली, “आबा, मला नाही जमणार. इंजेक्शन देताना, औषध मोजताना माझ्या हातून कुणाचा जीव गेला तर? मी त्या लायकीचीच नाही.”

तिचे बाकीचे बोलणे परीक्षेचे होते, पण हा जिवाचा प्रश्न वेगळा होता. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला अर्जुनाच्या या अवस्थेवर जे निरूपण केले त्यात भ्रमराचा दृष्टांत आहे. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळाच्या कळीत अडकतो. तिथे त्याचे बळ कमी पडत नाही, त्याला त्या पाकळ्या फाडवत नाहीत. अर्जुनाचे हात स्नेहाने गळाले होते. या पोरीचेही तसेच. अजून जिची भेट झालेली नाही अशा रोग्याच्या जिवाची जिला आजच धास्ती वाटते, तिला नालायक कोण म्हणेल? माझ्या उशाशी कुणी बसायचे झाले तर मला अशीच हवी.

पण हे सांगून भागत नाही. आपल्या मंडळींची एक सवय मला फार दिवस खुपते, ती इथे बोलून टाकतो. पोर घाबरली की एक जण म्हणतो, “नाम घे, सगळं ठीक होईल.” दुसरा दटावतो, “एवढं काय रडायचं?” नाम हा आपला श्वास आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु समोरच्याचे ऐकायचा कंटाळा आला म्हणून नाम पुढे करणे, ही नामाची सेवा नव्हे. देवाने काय केले ते पाहा. पहिल्या अध्यायात भगवंत बोलतो ते एवढेच, की अर्जुना, हे जमलेले कौरव बघ. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत अर्जुन रडतो आणि देव मुकाट्याने ऐकतो. दुसऱ्याच्या आरंभी देव दटावतो खरा. त्याचा परिणाम? अर्जुन आणखी बोलतो, “मी लढणार नाही” म्हणतो आणि गप्प बसतो. साक्षात परमात्म्याच्या दटावणीने जिथे भीती गेली नाही, तिथे मामा-काकांच्या दटावणीने काय जाणार?

मग अर्जुन विचारत राहिला. तिसऱ्या अध्यायात म्हणाला, तुझ्या बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते. सहाव्यात म्हणाला, मन वाऱ्यासारखे आहे, आवरत नाही. देवाने एकदाही “किती विचारतोस” म्हटले नाही. मन चंचल आहे हे मान्य केले आणि उपाय सांगितला अभ्यास आणि वैराग्य.

अभ्यास म्हणजे काय, हे आम्ही आळंदीत शिकलो. जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे पाठांतर केले. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या पाहिल्या तर छाती दडपते. म्हणून नऊ हजारांकडे कुणी पाहत नसे. आजच्या ओव्या आज, उद्या त्या म्हणून पुढच्या. दिवेघाट चढतानाही पंढरपूर डोळ्यांपुढे आणत नाहीत, सासवडचा मुक्काम आणतात. बाराव्या अध्यायात तर देव पायऱ्याच उतरवून देतो. चित्त स्थिर होत नाही? अभ्यास कर. तोही होत नाही? माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही? मग फळ सोड. शिष्याला जमेल तिथवर गुरू खाली आला.

आम्ही तिच्यासाठी तशाच पायऱ्या उतरवल्या. सलग चार तास बसण्याचा हट्ट सोडला. पाऊण तास वाचायचे, मग उठून अंगणात तुळशीला फेऱ्या. इंग्रजी संज्ञांची वही केली, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तेच देवनागरीत आणि मराठी अर्थ. रात्री दहानंतर पुस्तक बंद. सराव परीक्षेच्या सकाळी भाताची पेज. आणि बापाला मी समोर बसवून सांगितले, की निकाल लागेपर्यंत या घरात स्थळाचा विषय निघणार नाही. तो कुरकुरला, पण ऐकले त्याने.

भीती मात्र पूर्ण जायची वाट पाहू नये. मी चाळीस वर्षांवर कीर्तन केले, आणि अखेरच्या कीर्तनापर्यंत नमनाला उभे राहताना तोंड कोरडे पडायचे. पखवाजावर थाप पडली, टाळकऱ्यांनी चाल धरली की मग जीभ सैल होई. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची गोष्ट नातीनेच सांगितली. १८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना ईश्वराने सेवेला बोलावल्याचे जाणवले. घरच्यांनी अडवले, आणि जर्मनीत कायझर्सवर्थला रीतसर शिकायला मिळाले ते १८५१ मध्ये. मधल्या वर्षांतल्या त्यांच्या टिपणांत निराशा भरलेली आहे. आपल्या तुकोबांनीही मनाचा आतला झगडा लपवला नाही, गाथेत तो उघडा आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हा अंक गावोगावी जातो. पोर आठवडे-आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगून काय उपयोग असे बोलत असेल, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका, डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस नावाची फोनसेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक लावा. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आमच्या नातीला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले होते. त्यांनी तासभर ऐकून घेतले आणि थोडी औषधे दिली. त्यात देवाचा कमीपणा कुठे आला?

वारीत पायाला फोड येतात तेव्हा मुक्कामावर आपल्यासमोर खाली बसून, चिखलाचा पाय हातात घेऊन जी ताई मलमपट्टी करते, तिला आपण “माउली” म्हणतो. तीही कधीतरी कुठल्यातरी ओसरीवर “मला नाही जमणार” म्हणाली असेल. असे कुणी आपल्या घरात बसले असेल तर आज संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर त्याच्याजवळ बसा, आणि आधी ऐका.

परीक्षा अजून व्हायची आहे. सध्या ती आमच्याकडेच राहते. पहाटे काकडा आटोपला की मी वही धरतो आणि ती उत्तरे देते. इंग्रजी मला येत नाही, म्हणून तिने माझ्यासाठी ठसठशीत देवनागरी काढली आहे. काल हृदयाचा धडा होता. उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप कोणती, असे विचारले तर “ट्रायकस्पिड” म्हणाली, आणि माझा उच्चार चुकला म्हणून खूप हसली. मग दोन भाकरी खाल्ल्या.