गुणाचा बाजारभाव

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा जो भाव असतो तो संध्याकाळी राहत नाही. फूल तेच, रंग तोच. पण सकाळी जी बाई टोपलीला हात लावू देत नव्हती, तीच दिवेलागणीला "न्या हो दादा, कितीलाही न्या" म्हणत मागे लागते. त्यात झेंडूचे काय चुकले? माणसाच्या गुणांचेही असेच असते, असे मला हल्ली वाटू लागले आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत मुलांना चित्रकला शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य. या दोन्ही गुणांना बाजारात कधी तेजी आली नाही. त्यामुळे मंदीचेही मला भय नाही. पण मास्तर म्हटला की आईबाप सल्ला विचारणारच. "सर, पोराला काय शिकवू? स्कोप कशाला आहे?" हा प्रश्न मी वीस वर्षे ऐकत आलो. आता त्यात थोडी भर पडली आहे : "स्कोप कुठल्या देशात आहे?"

त्यालाही कारण घडले. आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे, असे ठरले. कोणकोण हवे आहेत, ती यादी मी चष्मा पुसून वाचली. नर्स, वीजतंत्री, प्लंबर, सुतार, गवंडी, रंगारी, ट्रक ड्रायव्हर, स्वयंपाकी! ज्या कामांची धमकी देऊन आम्ही मुलांना अभ्यासाला बसवत आलो – "नाही शिकलास तर गवंड्याच्या हाताखाली जाशील" – तीच कामे तिथे मानाने मांडलेली. चित्रकला शिक्षक आणि कादंबरीकार मात्र यादीत कुठेच नव्हते. मी यादी घडी घालून ठेवून दिली.

ती पुन्हा उघडावी लागली माझ्या पुतणीमुळे. ती नर्स आहे. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात तिला महिना चौदा हजार मिळतात. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला दरमहा वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, अशी शिफारस केंद्राच्या समितीने 2016 सालीच केली होती. पण शिफारशी कागदावर असतात आणि दवाखाने गावात असतात. दिवसा ती तिथे खपते आणि घरी आली की आपल्या आजीचे, म्हणजे माझ्या आईचे, करते. दोन वर्षांपूर्वी आई मोरीत पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून तिला कुशीवर वळवणे, पाठीला पावडर लावणे, भिंतीला धरून चार पावले चालवणे, हे सारे ही मुलगी करते. तिच्या हाताला एक ठेहराव आहे. वहिनीने उचलले की आई कण्हते. पुतणीने उचलले की गप्पा मारते.

या हाताचा जर्मनीतला भाव दादाने शोधून काढला. जुलै 2025 पासून तिथे शुश्रूषेच्या कामात पूर्ण प्रशिक्षित नर्सला तासाला किमान 20.50 युरो द्यावेच लागत होते. महिन्याचे झाले 3,400 युरोंच्या घरात. त्या वर्षी युरो शंभर रुपयांच्या आसपास गेलेला. दादाने शंभराने गुणले आणि पेन्सिल खाली ठेवली. "तीन लाख चाळीस हजार!" घरात कुणीच काही बोलेना.

पुतणीने शांतपणे ती पेन्सिल उचलली. "बाबा, हा ठोक पगार. माझ्यासारख्या एकटीच्या पगारातला जवळजवळ एक तृतीयांश कर आणि विम्यांत जातो. उरलं त्यात घरभाडं. शिवाय माझ्या पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत मी मदतनीसच. त्यांना कमी पगार असतो. मिळवलेलं रुपयांत गुणायचं तर खर्चही रुपयांत गुणा." एवढे कापूनही उरत होते ते चौदा हजारांच्या कितीतरी पट होते, हे मात्र तिने नाकारले नाही.

मग सुरू झाला भाषेचा अभ्यास. नर्सच्या मान्यतेसाठी सहसा बी-टू पातळीची परीक्षा लागते. स्वयंपाकघरातून 'डेर, डी, डास' असा जप ऐकू येऊ लागला. मराठीसारखीच जर्मनमध्येही तीन लिंगे. पण त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! आईला हे ऐकून मुळीच नवल वाटले नाही. "आपण नाही का म्हणत, गुणाचं पोर गं ते?" ती म्हणाली.

तिला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. "एवढे पैसे देऊन लोक परक्या मुलींना का बोलावतात? त्यांच्या घरी कुणी नाही?" मी तिला सांगत बसलो. युद्धानंतर तिथे, विशेषतः 1955 ते 1969 या काळात, भरपूर मुले जन्मली. ती पिढी आता निवृत्त होत आहे आणि मागची पिढी लहान आहे. केरळातल्या मुली 1960 च्या दशकातच तिथे नर्स म्हणून गेल्या होत्या. 1995 पासून तर तिथे म्हातारपणीच्या शुश्रूषेचा वेगळा विमाच आहे. आणि 2005 पासून ज्यांना मूलबाळ नाही त्यांना त्याचा हप्ता जास्त भरावा लागतो.

आईने क्षणभर विचार केला. "आणि ज्यांची पोरं असून परदेशी गेली, त्यांचा हप्ता किती रे?"

या प्रश्नाचे उत्तर मला कुठल्याच यादीत सापडले नाही. माझ्या आजोबांना लकवा झाला तेव्हा आईने त्यांचे नऊ वर्षे सारे केले. तासाचा हिशेब कुणी मांडला नाही. मांडला असता तर अख्ख्या गावाला अपमान वाटला असता. सेवा म्हणजे पुण्य, असे म्हणून आम्ही तिचा भाव ठरवण्याचे टाळले, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे माणूस जसे बघतो तसे तिच्याकडे बघत राहिलो. दूरच्या देशात टंचाई पडली, तेव्हा आमच्या घरातल्या गुणाची किंमत आम्हाला कळली. किंमत टंचाईने ठरते, हे मला पटते. पण लायकीही तिच्यावरून ठरवावी, हे काही केल्या पटत नाही.

पुतणी बी-टू उत्तीर्ण झाली. तिने जावे, असे सर्वांत आधी आईच म्हणाली. "मी किती दिवसांची? तिचा जन्म जायचाय अजून." येत्या माघात ती निघेल. रात्री आईचे पाय दाबताना ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसते, एवढाच फरक पडला आहे.

आईसाठी माणूस शोधणे ओघानेच आले. मागच्या आळीतली एक विधवा बाई परवा भेटायला आली. आईला तिने असे अलगद वळवले की आई गप्पाच मारू लागली. बाईने दिवसाचे सहाशे सांगितले. वहिनी सवयीप्रमाणे साडेतीनशेपासून सुरू झाली. "अहो, बसून तर राहायचं. असं कोणतं मोठं काम आहे?"

बाई रागावली नाही. पदर सावरत तिने शांतपणे विचारले, "ताई, तुमची लेक तिकडं हेच काम करणार ना? ती तासाला किती घेणार?"

वहिनीने दादाकडे पाहिले, दादाने माझ्याकडे. आतून आईचा आवाज आला, "सहाशे ठरले म्हणून सांगा तिला. आणि आठवड्याची सुट्टी द्या."